गरोदरपण, अडीच वर्षांचं पोर आणि एकाच पातेल्यातला मासा

केळीबागेतली

पोळा झाला, गणपती बसायला चार दिवस आहेत. आमच्या घरात मासा शिजवायला एवढीच फट. श्रावण सासूबाई कडक पाळतात, पुढे गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. मधल्या सवडीत काय ते उरकायचं.

मला पाचवा महिना चालू आहे. हिमोग्लोबिन ९.८ आलं. डॉक्टरांनी "अंडी, मासे, पालेभाज्या खा, गोळ्या चुकवू नका" एवढं सांगितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. कोणता मासा, किती, कसा, हे विचारायला तोंड उघडेपर्यंत मी बाहेरच्या बाकावर होते. घरात अडीच वर्षांचा मुलगा. तो वरण-भात, केळी आणि बिस्किटं यापलीकडे जात नाही. सासूबाईंचं म्हणणं, पोटुशीला मासा उष्ण पडतो, बाळाला अंगावर फोड येतात, आणि पोराच्या घशात काटा गेला तर कोण निस्तरणार? काट्याचं मलाही पटतं. बाकीचं नाही. माझं माहेर चोपड्याकडचं, तिथे तापीचा मासा आठवड्याला व्हायचाच आणि आम्ही सगळी भावंडं धडधाकट आहोत.

आम्ही यावल तालुक्यात राहतो. गावात आठवडे बाजाराला मासेवाले येतात, एरवी भुसावळ. मला असं जेवण हवंय की एकदाच चूल पेटवायची आणि त्यातच मी, नवरा, सासूबाई आणि पोरगा चौघं जेवतील. दोन वेगळे स्वयंपाक करायची ताकद संध्याकाळी उरत नाही. नवरा मदत करतो, पण मासा साफ करताना त्याला मळमळतं. मला नाही मळमळत, त्याला मळमळतं!

निवांत पाटील

शेवटच्या वाक्याला दंडवत. नवऱ्यालाच पाचवा महिना लागलेला दिसतो.

मी फक्त खाणारा माणूस, त्यामुळे वाचतोय.

धुळ्याच्या काकू

केळीबागेतली, सासूबाईंना थेट "तुमचं चुकतं" म्हणू नकोस. आमच्या पिढीला सगळंच उष्ण नाहीतर थंड वाटतं. माझ्या सासूबाई तर पोटुशीला वांगंही देत नसत, आणि खान्देशात वांगं नाही तर खायचं काय? त्यांना विचार, "बाळंतिणीला मरळीचं कालवण देतात ना?" हो म्हणतील. आमच्याकडे आजारातून उठलेल्याला आणि बाळंतिणीला मरळ द्यायची रीत होती. मग बाळंतिणीला चालतं ते पोटुशीला का नाही, हा प्रश्न त्यांच्याच तोंडून येऊ दे.

आणि मासा-दूध एकत्र खाल्लं तर कोड येतं म्हणतात, त्याला काही आधार नाही. पण सासूबाई मानत असतील तर त्या रात्री पोराला दूध जेवणानंतर तासाभराने दे. भांडण कशाला!

तापीकाठचा

ताई, मी शहादा तालुक्यातला, सारंगखेड्याजवळचा. घरात तीन पिढ्या जाळं आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

तुमच्याकडे बाजारात जो मासा येतो त्याचे दोन प्रकार. एक, बर्फाच्या पेटीतून आलेला रोहू-कटला, जो बहुतेक वेळा आंध्रातल्या तळ्यांतला असतो. दुसरा, हतनूरच्या पाणलोटातला किंवा वाघूर-गिरणेच्या धरणांतला. पेटीतला मासा वाईट असतो असं नाही, पण तो किती दिवसांचा ते मासेवाला खरं सांगणार नाही. तेव्हा हातानेच बघा. गलफड उचला, आतून लालभडक पाहिजे. तपकिरी किंवा चिकट असेल तर सोडून द्या. डोळा फुगीर आणि चकचकीत, आत बसलेला नको. पाठीवर बोट दाबा, खड्डा लगेच भरून आला पाहिजे. पोट फुटलेला मासा गरोदर बाईसाठी घेऊच नका, निम्म्या किमतीत मिळाला तरी.

मरळ मिळाली तर जिवंत घ्या. ती पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरते, त्यामुळे बाजारात टोपलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवलेली असते. काटे कमी, मांस घट्ट, पोराला द्यायला यासारखा गोड्या पाण्यातला मासा नाही. पाऊण-एक किलोचीच घ्या. भलं मोठं धूड घेऊ नका, ती चिवट लागते.

दोन गोष्टींपासून लांब राहा. पहिली, मांगूर. आपला गावठी मांगूर वेगळा. बाजारात मोठ्या मोठ्या काळ्या मिशाळ मांगरांचे ढीग दिसले तर तो बहुधा थाई मांगूर, आफ्रिकेतून आलेली जात. त्याच्या पैदाशीवर आपल्या देशात २००० सालापासून बंदी आहे, कारण तो तळ्यातले बाकीचे मासे फस्त करतो आणि त्याला कशावरही पोसतात. कशावर पोसतात ते गरोदर बाईसमोर सांगत नाही. तरी चोरून विकला जातोच.

दुसरी, औषध टाकून मारलेला मासा. उन्हाळ्यात नाल्या-ओढ्यांची डबकी उरतात, तेव्हा काही लोक कपाशीवर मारायचं फवारणीचं औषध पाण्यात ओततात आणि तरंगलेले मासे गोळा करून गावात दारोदार विकतात. छोटे छोटे, स्वस्त, भरपूर. आता पावसाळ्यात वाहत्या पाण्यात हे कमी होतं, पण अनोळखी पोरगं घमेल्यात छोटी मासळी घेऊन दारात आलं तर घेऊ नका. आमच्या धंद्याचं नाव अशा लोकांमुळे खराब होतं.

मालवणी_मुलूख_जळगावात

वर सगळं बरोबर, पण नदीच्या माशाला तो मातीचा वास! दहा वर्षं झाली जळगावात, अजून सवय नाही. ताईनू, सरळ बांगडो घ्या. पावसाळ्याची बंदी संपली, आता सुरत आणि मुंबईकडून माल येतोय. बांगड्यात मधलो एकच काटो, बाजूचे थोडे, पोरग्याक देऊक सोप्पो.

तापीकाठचा

मातीचा वास पाण्यातल्या शेवाळ्यामुळे आणि काही सूक्ष्मजीवांमुळे येतो, तो कातडीत आणि चरबीत मुरतो. आंबट लागलं की जातो. हळद, मीठ आणि लिंबाचा रस चोळून वीस मिनिटं ठेवा, मग धुऊन घ्या. चिंचेच्या कोळातल्या कालवणाला कुणी मातीचा वास येतो म्हणून दाखवावं. आणि भाऊ, सुरतहून रेल्वेने आलेला बांगडा नंदुरबारला उतरतो तेव्हा ठीक असतो, यावलच्या बाजारात पोचेपर्यंत त्याचा डोळा काय म्हणतो तेही बघा.

मालवणी_मुलूख_जळगावात

डोळो माका बघून रडता. मान्य!

पथ्यपाणी

मी आहारतज्ज्ञ आहे, माहेर अमळनेरचं, आता पुण्यात. मासा खाऊन नेमकं काय मिळतं यावर लिहिते, कारण "मासे खा" म्हणणारे बरेच असतात, पुढचं सांगणारे कमी.

केळीबागेतली, सगळ्यात आधी: ९.८ हिमोग्लोबिन माशाने भरून निघणार नाही. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, आणि तुम्ही एकट्या नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया त्यात निघाल्या. गरोदरपणी रोजची लोहाची गरज २७ मिलिग्रॅमच्या घरात, आणि रोहूच्या १०० ग्रॅममध्ये लोह जेमतेम एखाद-दुसरा मिलिग्रॅम. त्यामुळे सरकारी लाल गोळी, म्हणजे ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची, ती घ्यायचीच. तुमचा आकडा बघून डॉक्टरांनी डोस वाढवून दिला असेल तर त्यांचं ऐका.

पण मासा त्या जेवणात एक वेगळं काम करतो. भाकरीतलं आणि पालेभाजीतलं लोह आपल्या शरीरात फार थोडं शोषलं जातं. त्याच ताटात मासा किंवा मटण असलं की त्या भाकरी-भाजीतलं लोहही जास्त शोषलं जातं. लिंबू पिळलं तर आणखी. म्हणून कालवण, ज्वारीची भाकरी, मेथीची किंवा पोकळ्याची भाजी आणि लिंबाची फोड असं एकत्र ताट पाहिजे. मासा एका दिवशी आणि भाजी दुसऱ्या दिवशी असं नको. जेवणावर लगेच चहा घेतलात तर ही सगळी मेहनत पाण्यात. खान्देशात हे सांगणं म्हणजे शत्रुत्व ओढवून घेणं आहे, पण जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर तरी चहा नको. कॅल्शियमची गोळीही लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका. एक सकाळी, एक रात्री.

प्रथिनं: दुसऱ्या तिमाहीत रोज साडेनऊ ग्रॅम आणि तिसऱ्या तिमाहीत २२ ग्रॅम जास्तीची लागतात. शंभर ग्रॅम रोहूत सतरा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आणि तीही डाळीपेक्षा अंगी लागणारी. शिवाय बी-१२. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता इतकी दिसते की विचारू नका.

आता खरी गोष्ट, डीएचए. बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांच्या पडद्याला लागणारी ही चरबी. शेवटच्या तिमाहीत आणि पुढची दोन वर्षं बाळ ती भराभर साठवतं. गरोदर बाईला दिवसाला सरासरी २०० मिलिग्रॅम तरी मिळावं असं धरतात. इथे मात्र मालवणी भाऊंची बाजू मला घ्यावी लागते. डीएचए समुद्रातल्या तेलकट माशांत, म्हणजे तारली आणि बांगड्यात, भरपूर असतं. रोहू-कटल्यात खूपच कमी. त्यामुळे आठवड्यात दोनदा मासा होत असेल तर एकदा नदीचा, एकदा तारली किंवा बांगडा, असं करा. तारली स्वस्त, छोटी, आणि तिचे मऊ काटे चावून खाल्ले तर कॅल्शियमही मिळतं. तारलीला गरिबाचा मासा म्हणून नाक मुरडतात ते मला कधी कळलेलं नाही.

निवांत पाटील

अहिराणीत विचारतो: ताई, मासा खावाना शे का मोजाना शे?

पथ्यपाणी

आधी मोजाना, मंग खावाना. :)

मोजायचाच तर असा: अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला आठवड्याला ८ ते १२ औंस, म्हणजे साधारण २२५ ते ३४० ग्रॅम, कमी पारा असलेला मासा खाण्याचा आहे. दोन-तीन वेळच्या जेवणांत विभागून. १ ते ३ वर्षांच्या मुलाला एका वेळी औंसभर, म्हणजे २८ ग्रॅम, आठवड्यातून दोनदा. तुमच्या दोन बोटांच्या रुंदीचा तुकडा झाला. ४ ते ७ वर्षांना त्याच्या दुप्पट. त्यामुळे पोरगा दोन घास खाऊन उठला तरी त्याच्या मागे ताट घेऊन धावू नका.

कॉटन_सिटी

पारा? म्हणजे थर्मामीटरमधला? माशात कुठून आला? आणि सुरमई चालते का? आमच्या मिसेसला आठवा महिना आहे आणि त्यांना फक्त सुरमई फ्राय आवडते.

पथ्यपाणी

कोळशाच्या धुरातून आणि कारखान्यांतून पारा पाण्यात येतो. पाण्यातले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरीत रूपांतर करतात, ते बारीक जीवांत जातं, त्यांना छोटे मासे खातात, छोट्यांना मोठे. जितका मासा मोठा, म्हातारा आणि दुसरे मासे खाणारा, तितका पारा जास्त. तो माशाच्या मांसात, प्रथिनांना चिकटून बसतो, त्यामुळे धुऊन, तळून, लिंबू लावून जात नाही. आणि तो वारेतून बाळापर्यंत पोचतो, बाळाच्या वाढत्या मेंदूला त्रास देतो. म्हणूनच त्याच सल्ल्यात शार्क, तलवार मासा, किंग मॅकरेल हे गरोदरपणात टाळायला सांगितले आहेत.

शार्क म्हणजे आपली मुशी किंवा मोरी. ती टाळाच. यादीतला किंग मॅकरेल अटलांटिक समुद्रातला आहे, पण सुरमई त्याच कुळातली आहे, मोठी वाढते आणि दुसरे मासे खाते. आवडते म्हणून महिन्यातून एखादा तुकडा खाल्ला तर मी आकाशपाताळ एक करणार नाही, पण दर रविवारी सुरमई नको. त्याऐवजी बांगडा तव्यावर तसाच परतून द्या, मसाला तोच. नदीतली मरळ आणि शिंगाडाही शिकारी मासेच. म्हणून वर तापीकाठच्या भाऊंनी पाऊण-एक किलोची घ्यायला सांगितलं ते चवीसाठी असलं तरी तब्येतीलाही बरोबर आहे.

आणखी एक. गरोदरपणात कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल आपल्या मनाने घेऊ नका. माशाच्या यकृतातलं अ जीवनसत्त्व जास्त झालं तर पोटातल्या बाळाला अपाय होतो. माशाचं तेल आणि माशाच्या यकृताचं तेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, औषधाच्या दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात.

जवसाची चटणी

आम्ही माळकरी, मासा नाही. मग डीएचए जवसातून मिळतं ना? आमच्याकडे वर्षभर चटणी असते.

पथ्यपाणी

जवसात त्याच घराण्यातली पण वेगळी चरबी असते. शरीर तिचं डीएचए बनवतं, पण फारच थोडं. चटणी चांगलीच आहे, खात राहा. गरोदर असाल तर डॉक्टरांना शेवाळापासून बनवलेल्या डीएचएच्या कॅप्सूलबद्दल विचारा, त्यात मासा नसतो. आणि बी-१२ तपासून घ्या.

सातपुड्याची पायथा

मी अक्कलकुव्याकडे अंगणवाडीचं काम बघते. आमच्याकडे २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दिवसाला एक वेळचं गरम पूर्ण जेवण मिळतं. भाकरी, भात, डाळ, भाजी, लाडू, अंडं. सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंडी किंवा केळी. मासा मात्र नाही. तरी नर्मदेच्या आणि उकाईच्या पाण्याकाठच्या गावांत बायका घरी मासा खातातच, आणि त्यांना मी थांबवत नाही. उलट सांगते, जेवायच्या आधी घरातल्या पुरुषांच्या ताटात सगळे मधले तुकडे जातात आणि तुमच्या ताटात डोकं-शेपटी येते, ते बंद करा. डोक्याचं कालवण चवदार असतं, मान्य. पण मांस कुणाच्या ताटात जातं ते बघा. हे पदार्थाच्या कृतीत कुणी लिहीत नाही.

सुकटीबद्दल एक विचारायचं होतं. पाड्यांवर ताजा मासा वर्षभर मिळत नाही, बाजारातली सुकट आणि सुके बोंबील वर्षभर असतात. ते चालतात का?

पथ्यपाणी

तुमचं पुरुषांच्या ताटाचं वाक्य मी चोरणार आहे, माझ्या पेशंटच्या नवऱ्यांना सांगायला.

सुकट चालते. सुकल्यामुळे वजनाच्या मानाने प्रथिनं खूप, आणि सगळीच्या सगळी खाल्ली जाते म्हणून कॅल्शियमही. अडचण मिठाची आहे. सुका मासा बऱ्याचदा खारवलेला असतो, आणि गरोदरपणात ज्यांचं बीपी चढतं त्यांना तो नको. बाकीच्यांनी कोमट पाण्यात भिजवून, दोन पाण्यांनी धुऊन, वाळू काढून, नीट शिजवून खावी. भाजीत वरून मीठ घालू नये. बुरशी, ओलसरपणा किंवा उग्र वास असेल तर टाकून द्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र सुकट अजिबात नको. त्या वयात ताज्या जेवणातही वरून मीठ घालत नाहीत.

कळण्याची भाकर

बरं, आता पातेलं कुणी चढवेल का? तज्ज्ञांचं झालं, आमचं ऐका. मी एकत्र कुटुंबातली, घरात पहिलीच्या वयाची दोन आणि एक रांगणारं पोर. आमच्याकडे मासा असा होतो.

मासा किलोभर. मरळ मिळाली तर उत्तम, नाहीतर रोहू. मासेवाल्याकडूनच तुकडे करून आणा, म्हणजे तुमच्या नवऱ्याची मळमळ वाचेल. रोहू घेतलात तर पोटाचे तुकडे, ज्याला पेटी म्हणतात, ते पोराला. शेपटीकडच्या आणि पाठीच्या तुकड्यांत ते दोन फाट्यांचे बारीक काटे असतात, मोठ्या माणसालाही चकवतात. पोटाकडचे बरगडीचे काटे लांब आणि जाड, हाताला लागतात, उपसून निघतात. हळद, मीठ, लिंबू लावून तुकडे बाजूला ठेवा.

दोन कांदे आख्खे गॅसवर भाजायचे, वरचं टरफल काळं होईपर्यंत. अर्धी वाटी सुकं खोबरंही भाजायचं. खोबरं जळू देऊ नका, कडू होतं. सात-आठ पाकळ्या लसूण, बोटभर आलं, मूठभर कोथिंबीर, सगळं एकत्र वाटून घ्या. पाट्यावर वाटलं तर वेगळीच चव, पण पाचव्या महिन्यात पाट्यावर बसू नका, मिक्सर आहे.

आता मुख्य गोष्ट. तेलात हे वाटण परता, हळद घाला, दोन तांबे गरम पाणी, चिंचेचा कोळ, थोडं मीठ. उकळी आली की पोराचे दोन तुकडे यात सोडा. अजून तिखट पडलेलं नाही, काळा मसाला पडलेला नाही. आठ-दहा मिनिटांत मासा पांढराफटक होतो आणि काट्यापासून सुटायला लागतो. झाला शिजून. ते दोन तुकडे आणि वाटीभर रस्सा काढून घ्या. हे झालं पोराचं. याच भांड्यात आता काळा मसाला, तिखट घाला आणि बाकीचे तुकडे सोडा. एकच पातेलं, एकच फोडणी, दोन चवी.

खान्देशी तर्री पाहिजे असेल तर वेगळ्या कढल्यात तेल गरम करून त्यात तिखट घालून नवऱ्याच्या आणि सासूबाईंच्या वाटीत वरून ओता. तुमच्या वाटीत नको, गरोदरपणात रात्री छातीत जळजळ झाली की मग अख्खी रात्र बसून काढायची. तेच पातेल्यात ओतलंत तर सगळ्यांनाच तोच तवंग मिळतो.

सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत उडीद असल्याने प्रथिनं तिच्यातही आहेत, हे आमच्या आजीला कुणी तज्ज्ञाने सांगितलं नव्हतं. पोराला मात्र भात. रस्सा-भात कालवून मासा कुस्करून.

केळीबागेतली

कळण्याची भाकर, हे "आधी काढून घ्यायचं" इतकं सोपं आहे आणि मला सुचलं नव्हतं!

पोराच्या काट्याचं मात्र अजून भय आहे. कसं कुस्करायचं?

कळण्याची भाकर

पांढऱ्या किंवा स्टीलच्या सपाट ताटलीत घ्या, खोलगट वाटीत नको. मासा कोमट होऊ द्या, गरम असताना बोटं घाई करतात. अंगठा आणि दोन बोटांत थोडं थोडं मांस घेऊन दाबायचं, चोळायचं. डोळ्यांना न दिसलेला काटा बोटाला टोचतो. एकदा चोळून झालं की ताटलीत पसरून उजेडात दुसऱ्यांदा बघायचं. मगच भातात. भातात कालवल्यावर शोधायला गेलात तर सापडायचा नाही. पोरगा खात असताना टीव्ही, मोबाइल, पळापळ काही नाही. बसून, समोर, हसवायचं नाही.

धुळ्याच्या काकू

आणि काटा अडकलाच तर आमच्या पिढीचा कोरड्या भाताचा गोळा किंवा केळं गिळवायचा उपाय लहान पोरावर करू नकोस. काटा आणखी आत रुततो, आणि रडणारं पोर गोळा गिळताना ठसकतं. लाळ गळत असेल, गिळत नसेल, घसा धरत असेल तर सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. भाताचा गोळा मोठ्यांच्याही बाबतीत नशिबाचा खेळ.

रांगतं_पोर

माझी मुलगी सात महिन्यांची. तिला सुरू करू का? सासरी म्हणतात वर्षाचं झाल्यावर.

पथ्यपाणी

सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं अन्न सुरू होतं, त्यात मासाही येतो. मुद्दाम उशिरा दिल्याने ॲलर्जी टळते असं नाही. पहिल्यांदा चमचाभर, वाफवलेला, काटे काढून, वरणभातात लगदा करून, मीठ-मसाला न घालता. सकाळी द्या, रात्री नको, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येईल. त्या दोन-तीन दिवसांत दुसरा कोणताही नवा पदार्थ नको. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर थांबा आणि लगेच डॉक्टर. तिला आधीपासून खूप खरजेसारखा त्वचेचा त्रास असेल किंवा दुसऱ्या एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल तर सुरू करायच्या आधीच बालरोगतज्ज्ञांना विचारा.

केळीबागेतली

झालं एकदाचं. मरळ नाही मिळाली, हतनूरचा म्हणून सांगितलेला रोहू मिळाला, गलफडं लाल होती. मासेवाल्याला पेटीचे तुकडे वेगळे कर म्हटल्यावर त्याने माझ्याकडे जरा आदराने पाहिलं.

सासूबाईंना काकूंच्या पद्धतीने विचारलं. "बाळंतिणीला देतात ते वेगळं," म्हणाल्या. मग पाट मांडून बसल्या आणि पोराचा मासा स्वतःच कुस्करला, मला हात लावू दिला नाही. त्याने तीन घास खाल्ले, चौथा माझ्या ओढणीवर. सासूबाईंनी तर्री घेतली आणि दुसरी भाकरीही घेतली, यावर मी काहीच बोलले नाही. नवऱ्याच्या ताटात शेपटी वाढली, सातपुड्याच्या ताईंना सांगा.

आता खरा प्रश्न: रस्सा आणि चार तुकडे उरलेत. उद्या सकाळी मी खाल्ले तर चालतात का? आमच्याकडे रात्री लाइट जाते, फ्रीज बंद पडतो.

पथ्यपाणी

शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवलं आणि लाइट टिकली तर उद्या दुपारपर्यंत चालेल. खळखळ उकळी फुटेपर्यंत तापवायचं, नुसतं कोमट नाही. लाइट किती वेळ गेली ते कळलं नसेल तर तुम्ही खाऊ नका आणि पोरालाही देऊ नका. मन खात असेल तर नवऱ्यालाही देऊ नका.

निवांत पाटील

नवऱ्याला शेपटी आणि शिळं, दोन्ही? मी या धाग्यातून निघतो.

तापीकाठचा

जायच्या आधी एक. ताई, मरळीसाठी पुढच्या वेळी बाजारात सकाळी लवकर जा, दहानंतर ती राहत नाही. आणि मासेवाल्याला आदल्या आठवड्यात सांगून ठेवा, तो राखून ठेवतो. गणपती विसर्जन झाल्यावर पितृपक्षाच्या आधी एखादा दिवस सापडतोय का, कॅलेंडर बघून घ्या.